खटक्याच्या अलीकडचा जोड

बॅटरी एकदा उचलून बघा, मग माझ्या पाठीबद्दल बोला. लाकडी पेटी, आत शिसं आणि तेजाब, दोन्ही बाजूंना दोरीच्या कड्या. त्या कड्या बोटांत अशा रुतायच्या की जेवताना भाकरी मोडवत नसे. माझ्या दोन्ही खाकी पँटींना तेजाबाची भोकं पडली होती. बाजारात कोणी ना कोणी विचारायचंच, "कसर लागली का रं?" मी म्हणायचो, "न्हाई, वारा खेळावा म्हून पाडून घेतलीत." पहिल्या दहा वेळा मलाच हसू यायचं. पुढं पुढं तेवढं बोलायचाही कंटाळा येऊ लागला.

लढाई नुकतीच संपली होती. नगरला लष्कराचा जुना माल लिलावात निघाला तेव्हा आमच्या डॉक्टरसाहेबांनी एक ट्रेलर घेतला. कुठल्यातरी गोऱ्या अधिकाऱ्याची चाकांवरची खोली होती ती. लाकडी भिंती, वर पत्रा, भिंतीला मिटणारं टेबल, छताला दिवे. साहेब डोळ्यांचे डॉक्टर. त्यांनी झोपायची फळी काढून तिथं तपासायची खुर्ची बसवली, आणि ट्रकच्या मागं जोडून हा डबा बाजारा-बाजाराला न्यायला लागले. आज राहुरी, परवा देवळाली प्रवरा, पुढं कधी तिसगाव. ट्रक साहेब स्वतः चालवायचे. त्यांच्या घरच्या बाई बरोबर असायच्या. डोळ्यांत औषध घालणं, पट्ट्या बांधणं त्यांच्याकडं होतं.

वायरिंग चाचांकडं. चाचा नगरचेच. लढाईत लष्करी वर्कशॉपात वायरमन होते, लढाई संपल्यावर त्यांना घरी बसवलं. साठीला आलेल्या माणसाला दुसरं काम कोण देतो? साहेबांनी ट्रेलर घेतला आणि तसलं वायरिंग समजणारा माणूस म्हणून यांना बोलावलं. त्यावर चाचांचं घर पुन्हा उभं राहिलं. ते हे बोलून दाखवायचे नाहीत, पण बाजाराच्या दिवशी सगळ्यांच्या आधी हजर असायचे आणि ट्रेलरच्या कडीला हात लावून तो कपाळाला लावायचे.

आणि मी ओरडायचो. मॅट्रिकला दोनदा आपटलो, पण शाळेतून बाहेर पडताना सगळ्या मास्तरांचे आवाज बरोबर घेऊन आलो. साहेबांनी मला त्या आवाजांसाठीच ठेवलं होतं. डब्याच्या टपावर कर्णा होता, माईक माझ्या हातात. कचेरीच्या शिपायाच्या आवाजात सुरू करायचो, "ऐका हो ऐका! ज्याच्या डोळ्यात खुपऱ्या, ज्याच्या डोळ्याला पानी, ज्याला म्हस आन मेव्हना एकच दिसतो, त्यानं डब्यापाशी यावं!" मग आवाज बदलून म्हातारीचा काढायचो, "आन ज्या सासूला सून दिसत न्हाई तिनं एकटीनंच यावं गं बाई, सुनंसंगं येऊ ने, ती आडवाटंला सोडंल!" लोक हसत हसत रांगेला लागायचे.

माईक, दिवे, पंखा, सगळं त्या एका बॅटरीवर. म्हणून पहिल्या दिवशीच चाचांनी मला दाराशेजारचा कप्पा उघडून दाखवला. आत तांब्याच्या पातीचा खटका. पात वर करून चिमट्यात बसवली की सगळं चालू, ओढून खाली पाडली की सगळं बंद.

"हे बघ बेटा," चाचा म्हणाले. "बॅटरी म्हंजे रांजण. खटका म्हंजे तोटी. बॅटरीची जाड तार आधी खटक्याला येती. तिथून फ्यूजला. तिथून पुढं दिवे, पंखा, तुझा भोंगा. काम झालं की खटका पाडायचा. मंग आत कोण काय विसरला, काय चालू राहिलं, फिकीर न्हाई."

"आन खटक्याच्या अलीकडं कोनी तार जोडली तर?"

"रांजणाला भोक पाडून तोटी बंद कर. बघ काय ऱ्हातं."

मी हे लगेच चाचांच्याच आवाजात, मान तशीच तिरकी करून परत म्हणून दाखवलं. ते हसले. समजलं का, असं त्यांनी विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही. एखादी गोष्ट हुबेहूब म्हणता आली की ती समजली, असं मला तेव्हा खरंच वाटायचं.

चाचांच्या हातांचीही मी नक्कल करायचो. त्यांचा जोड एकदम वेगळा. तारेचे सहा पीळ, वरून काळी चिकटपट्टी, आणि पट्टीवर चांभाराकडचा मेण लावलेला दोरा गुंडाळून त्याचं टोक आत खोचलेलं. गाठ कुठं दिसायची नाही. वर्कशॉपात असं कोणी करत नव्हतं, ते स्वतःच करायचे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तारेचे तुकडे घेऊन मी तसा जोड करत बसायचो. महिन्याभरात जमला. चाचा कौतुकानं म्हणायचे, "माकडाच्या जातीचा हाय पोरगा."

आता देव्हाऱ्याचं सांगतो.

बाईंनी ट्रेलरमध्ये एका कोपऱ्यात दारं असलेला छोटा देव्हारा बसवून घेतला होता. डब्यात स्पिरिटच्या बाटल्या, कापूस, आणि रस्ते असे की चहाचा कप जागेवर राहत नसे. तिथं तेलाचा दिवा ठेवायची सोय नव्हती. म्हणून चाचांनी छतातल्या तारेवरून एक बारकासा दिवा देव्हाऱ्यात दिला. लाल काचेचा, मिणमिणता. बाई खूश झाल्या. पण संध्याकाळी चाचांनी खटका पाडला आणि देवाचा दिवाही गेला.

"मिस्त्री, हा एवढा राहू द्या ना," बाई म्हणाल्या. "देवाचा दिवा रोज असा फट्‌कन मालवायचा? मनाला बरं वाटत नाही."

"बाई, खटका पडला म्हंजे सगळं बंद. त्यात डॉक्टर आला, देव आला, मी पन आलो."

त्यांचा चेहरा पडला. दोन दिवसांनी त्यांनी मला विचारलं, "तुला येतं ना रे तारांचं? अखंड राहील असं काही करता येईल?" आता मला कोणी 'येतं ना रे' म्हटलं की माझं काय होतं ते मला माहीत आहे. चाचा जुम्म्याच्या नमाजाला गेले होते. बॅटरीची जाड तार खालून वर येऊन देव्हाऱ्याच्या मागच्या फळीआडून खटक्याकडं जायची. मी फळी सरकवली. चाचा करायचे तसं आधी बॅटरीचं टोक सोडलं, देव्हाऱ्याच्या दिव्याची तार छतातून काढली आणि खाली जाड तारेला गुंडाळलेल्या एका बारक्या तुकड्याला जोडली. सहा पीळ, पट्टी, मेणाचा दोरा, टोक आत. फळी परत लावली.

"मिस्त्रींना सांगितलंस ना?" बाईंनी विचारलं.

"एवढ्याशा दिव्यानं काय व्हतंय बाई," मी म्हणालो. उत्तर टाळायचं असलं की मी हसतो. तसा हसलो.

संध्याकाळी बाई देव्हाऱ्याची दारं लावून घ्यायच्या. आत दिवा चालूच. चाचा बाहेरून खटका पाडायचे आणि निघून जायचे. देव्हाऱ्याकडं ते अदबीनं फिरकायचेच नाहीत.

त्यानंतर बॅटरी टिकेना. आधी एकदा चार्ज केली की चांगले दोन आठवडे जायची. आता पाच-सहा दिवसांत दिवे पिवळे पडायचे. चाचा काचेच्या नळीनं तेजाब ओढून बघायचे. आत तरंगणारा खुंटा असतो, बॅटरी भरलेली असली की वर राहतो, उतरली की बुडतो. तो दर वेळी बुडलेला. चाचांनी बॅटरीच्या घरांत पावसाचं पाणी घातलं, टोकं घासून व्हॅसलीन लावलं, पंख्याची तार सोडून ठेवली, फ्यूज बदलले. काही फरक नाही. आम्ही बॅटरी उतरवायची, बैलगाडीत घालायची, राहुरीला पिठाच्या गिरणीमागं तेलाच्या इंजिनावर चार्जिंग करणारा एक जण होता त्याच्याकडं न्यायची, दोन दिवस थांबायचं, परत आणायची. गिरणीवाला म्हणायचा, "आलं का पाव्हनं! जावई पन इतक्या वेळा येत न्हाई." मी हसायचो. चाचा हसायचे नाहीत.

तुम्ही म्हणाल, तुला तेव्हाही कळलं नाही? खरं सांगतो, नाही कळलं. तो दिवा माझ्या लेखी एवढासा होता, आणि एवढासा दिवा दिवसाचे चोवीस तास, आठवड्याचे सात दिवस पीत बसला की किती पितो, हा विचार मी केलाच नव्हता.

देवळाली प्रवराच्या बाजारात मात्र व्हायचं ते झालं. आभाळ भरून आलेलं, डब्यात अंधार, खुर्चीत एक म्हातारा, साहेब भिंग लावून त्याच्या डोळ्यात बघतायत, आणि दिवा निखाऱ्यासारखा लाल होत होत गेला. बाहेर माझा शिपाई "ऐका हो ऐ" इथंच मेला. रांगेत वीस-पंचवीस माणसं होती. काही लांबून चालत आलेली. साहेबांनी बाहेर येऊन सगळ्यांना हात जोडले आणि पुढच्या बाजारी या म्हणाले. एक बाई म्हणाली, "पुढच्या बाजारापातूर डोळा ऱ्हातूय का बघा आता."

साहेब तसे ओरडणारे नव्हते. ते चाचांजवळ गेले आणि हळू बोलले, म्हणून ते जास्त लागलं. "मिस्त्री, माणसं परत पाठवणं मला जमणार नाही. तिसगावचा बाजार होईपर्यंत दोष सापडला पाहिजे. नाही तर मला दुसरा माणूस बघावा लागेल. वाईट वाटून घेऊ नका."

"बराबर हाय साहेब," चाचा म्हणाले.

राहुरीला चार्जिंग करून आम्ही नगरला आलो. बाईंच्या बहिणीकडं काही कार्य होतं, त्या नगरलाच उतरल्या. देव्हाऱ्याची दारं लावलेली होती. आम्ही तिघं पाथर्डीच्या रस्त्यानं तिसगावला गेलो. सगळा रस्ता धूळ खात. चाचा ट्रकमध्ये माझ्या शेजारी डोळे मिटून बसले होते. मी त्यांना गिरणीवाल्याची नक्कल करून दाखवली. ते म्हणाले, "आज ऱ्हाऊ दे बेटा."

तिसगावला बाजाराच्या आदल्या दुपारी त्यांनी दोष शोधायला घेतला. खटका पाडला. मग बॅटरीच्या पेटीशी उकिडवे बसले आणि पान्यानं एक टोक सोडलं.

"खटका पडलाय. म्हंजे आता कुटंच काय जात नसलं पायजे. व्हय ना?"

"व्हय."

त्यांनी तारेचं टोक परत बॅटरीच्या टोकाला टेकवलं. बारीकशी ठिणगी उडाली. पुन्हा टेकवलं. पुन्हा ठिणगी.

मला वाटतं त्या ठिणगीनं मला जे समजलं ते वर्षभराच्या नकलेनं समजलं नव्हतं.

चाचा त्या तारेवरून बोट फिरवत आत आले. फळीपर्यंत आले, फळी सरकवली. बोट जोडावर थांबलं. मग त्यांनी देव्हाऱ्याचं दार एका बोटानं जरासं लोटलं. आत लाल दिवा शांतपणे जळत होता.

किती तरी वेळ ते जोडावर बोट फिरवत बसले.

"मी छतातून दिल्ता," ते स्वतःशीच म्हणाले. "छतातनंच दिल्ता ना मी?" मग म्हणाले, "पन हा जोड माझाय."

आता यातली सगळ्यात वाईट गोष्ट. ते 'माझाय' म्हणाले तेव्हा मला आधी आनंद झाला. भीती, लाज, सगळं मागून आलं. आधी मनात आलं, खुद्द चाचांना ओळखू आला नाही! असली दाद आजवर कोणी दिली नव्हती. तेवढ्या एका क्षणात तोंड उघडायचं राहून गेलं आणि चाचा उठून साहेबांकडं गेले.

"साहेब, दोष सापडला. दिवा खटक्याच्या अलीकडं जोडलेला हाय. जोड माझाच हाय, आन मला आठवत न्हाई." त्यांनी टोपी काढून परत घातली. "वय झालं. उद्याचा बाजार करतो. नगरला गेल्यावर मला सोडा."

साहेब म्हणाले, "अहो, सापडला ना, झालं तर मग."

"न्हाई साहेब. वायरमनला आपन काय जोडलं ते आठवत न्हाई, त्यानं हात लावू ने. उद्या तेजाबाशेजारी काय करीन, कुनाला ठाऊक."

साहेबांनी फार आग्रह केला नाही. मी ट्रेलरच्या सावलीत बसून होतो. सावली सरकली, मी उन्हात आलो, तरी बसून होतो. कंटाळा, थकवा, भीती यातलं नक्की काय होतं ते सांगता येणार नाही. एवढं खरं की त्या दिवशी मला कोणाचाही आवाज नको होता.

चाचा आपली हत्यारं एका फडक्यात बांधायला बसले तेव्हा मी उठून त्यांच्यापुढं गेलो.

"चाचा, तो जोड मी केलाय."

त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. "ऱ्हाऊ दे रे."

"खरंच मी केलाय. बाईंनी मला सांगितलं हुतं. तुमी नमाजाला गेल्ता."

"मला वाचवाया बघतो." ते हसले. "लई गुनाचा हायस. पन ही नक्कल न्हाई जमली तुला."

घ्या! आयुष्यभर खोटं बोलून लोकांना हसवलं, आणि खरं बोललो तर माणूस विश्वास ठेवेना. मी रागारागानं तारेचे दोन तुकडे घेतले आणि त्यांच्यासमोर मांडी घातली. सहा पीळ. पट्टी. त्यांच्याच फडक्यातला मेणाचा दोरा घेऊन गुंडाळला, टोक आत खोचलं. मग आत जाऊन बॅटरीचं टोक सोडलं, फळीमागचा जोड कापून आणला आणि दोन्ही त्यांच्या हातात ठेवले.

"यातला कंचा आत्ताचा, सांगा."

चाचांनी दोन्ही बोटांनी चाचपले. मग डोळ्यांजवळ आणले, लांब नेले. उन्हाकडं पाठ केली. मान वळवून एका डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं, परत जवळ आणले.

ते तसं बघत होते आणि मी हादरलो. हे बघणं मला पाठ होतं. मी माईकवरून रोज लोकांना हसवायला हीच नक्कल करायचो. मोतीबिंदू आलेला म्हातारा बिडीचं बंडल कसं बघतो, ते. जवळ, लांब, उन्हाला पाठ, कोपऱ्यातून तिरकं. रोज समोर असलेल्या माणसाला मी त्यात कधी बघितलंच नव्हतं.

"चाचा, तुमाला दिसतंय का?"

"दिसतं की." मग म्हणाले, "धुकं असतं जरा. थंडीचं."

बाहेर असं ऊन होतं की पत्र्यावर पापड भाजला असता.

मी साहेबांकडं जाऊन दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या, जोडाची आणि डोळ्यांची. आधीच्या गोष्टीला त्यांनी माझ्या कानाखाली अशी वाजवली की कर्णा नसतानाही बाजारात ऐकू गेली असेल. दुसरी ऐकून ते हातातलं भिंग पुसायला लागले. डोळ्यांचा डॉक्टर, आणि रोज सकाळी त्याच माणसाचा सलाम घेत होता.

बाईंना हे पुढं नगरला कळलं. त्या म्हणाल्या, "मी मिस्त्रींनाच विचारायला हवं होतं." दिवा परत छतातल्या तारेवर गेला. संध्याकाळी खटका पाडायच्या आधी त्यांना हाक मारायची, त्या हात जोडून दिव्याला निरोप देतील, मग पाडायचा, असं त्यांनीच ठरवलं.

पण तिसगावचा बाजार व्हायचा होता. सकाळी पहिला नंबर चाचांचा लागला. वर्षभर त्यांनी त्या खुर्चीवरचा दिवा पुसला होता, तिच्यात बसले मात्र आज पहिल्यांदा. साहेबांनी भिंग लावलं, बराच वेळ बघितलं.

"मोतीबिंदूच आहे. उजवा पिकत आलाय. डावा अजून कच्चा आहे. नगरला गेल्यावर उजव्याचं ऑपरेशन करू."

चाचा छताकडं तोंड करून होते. "म्हंजे जोड मला वळखू आला न्हाई, ते डोळ्यानं?"

"डोळ्यानं."

"डोक्यानं न्हाई? हातानं न्हाई?"

"हातांचं मला काही कळत नाही मिस्त्री. डोळ्यांचं कळतं. पट्टी निघाली की कामावर या. तोवर हा गाढव तारांना हात लावणार नाही."

"लावू द्या साहेब," चाचा म्हणाले. "मी शेजारी बसून चाचपीन. हात लावल्याबिगर त्याला कळत न्हाई."

आणि त्यांनी डोळे मिटले. औषध घातल्यावर थोडा वेळ मिटून ठेवायचे असतात. पण ते तसेच झोपून गेले. किती रात्री झोपले नव्हते कोण जाणे. साहेबांनी मला खुणेनं गप्प राहायला सांगितलं आणि स्वतः दारातल्या पायरीवर जाऊन बसले.

बाहेर रांग लागली होती. पुढं एक म्हातारी होती, एका हातात काठी, दुसऱ्यात कोंबडी. ती मला म्हणाली, "आत कोन हाय रं इतका येळ?"

"आमचे मिस्त्री. दिवे त्येच लावत्यात."

"त्येस्नी बी दिसत न्हाई व्हय?" ती म्हणाली. "मंग आमी कुनाच्या जिवावर आलू हितं?"

मी तिची कोंबडी धरली आणि तिला ट्रेलरच्या सावलीला बसवलं.